दोन हार्ड डिस्कचं लग्न

घरच्या कॉम्प्युटरमध्ये एका हार्ड डिस्कच्या जागी दोन बसवायच्या, एवढंच काम होतं. त्यासाठी जकात नाक्यावर पावती फाडावी लागेल, घरात मांडव घालावा लागेल आणि शेवटी आमच्या अंजूर गावी सगळ्या भावकीसमोर माझी शोभा होईल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण सांगितलं कुणीच नाही. बाकी सल्ले मात्र रगड मिळाले.

झालं असं, की आईच्या घशात गाठ निघाली. ठाण्याच्या डॉक्टरने फिल्म उजेडाकडे धरली, बराच वेळ धरली आणि म्हणाला, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. "इथे एक भोक ठेवू, त्यातून त्या श्वास घेतील," असं म्हणून त्याने स्वतःच्या शर्टाच्या वरच्या बटणावर बोट ठेवलं. आय माझ्या शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन लग्नांचा काय?"

डॉक्टरला काही कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. मला मात्र बरोबर कळलं.

माझी आई जानकीबाई ही अंजूरची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणावा लागतो आणि तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक चहा घेऊन वाट बघतात, धवलारीण नसली तर मांडवात पान हलत नाही. आयचे धवले तिच्या आईकडून आलेले, तिला तिच्या आईकडून. कागदावर एक अक्षर नाही, कारण तिघींपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. आयला मुलगी झाली नाही. झालो तो मी एकटा, आणि मी पडलो भिवंडीतल्या पतपेढीत हेडक्लार्क. माझी बायको कमळ उरणकडची, तिच्या गळ्यात सूर नाही हे ती स्वतःच कबूल करते. गावातल्या नव्या सुना डीजेवर नाचतात. म्हणजे ऑपरेशन झालं की आयच्या आवाजाबरोबर धवलेही गेले.

तेव्हा मी ठरवलं, आयचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचा. साधासुधा नाही, कायमचा.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. पतपेढीत कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे क्लार्क त्याला हात लावायला घाबरत होते आणि मी एकटा सर्टिफिकेट कोर्स करून आलो. आमच्या सोसायटीत मला 'कॉम्प्युटरवाले तरे' म्हणतात. तर मी एका मासिकात वाचलं होतं, की एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन सारख्या डिस्क लावायच्या आणि त्यांना जोडून द्यायचं. जे पहिल्या डिस्कवर लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी चालू. मोठ्या बँकांमध्ये असंच असतं. ह्याला रेड म्हणतात. भिवंडीत हा शब्द मोठ्याने बोलू नये, चार लूमवाले वीजचोरीची धाड समजून मीटरकडे धाव घेतात. मी घरातही हळू आवाजात बोललो.

कमळ म्हणाली, "एवढं कशाला? सीडी करून घ्या ना. आमच्या वहिनीने बारशाची सीडी केली, किती छान आली."

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? सीडी म्हणजे काय, तिला ओरखडे कसे पडतात, ती शेवटी चहाच्या कपाखाली कशी जाते, हे मी तिला शांतपणे समजावलं. म्हटलं, "कमळ, ही बारशाची गोष्ट नाही. ही आयच्या आवाजाची गोष्ट आहे." ती भाजी चिरायला उठून गेली. तिला पटलं, असं मी धरलं.

वरच्या मजल्यावर बाळारामशेठ राहतात. पूर्णा गावची वडिलोपार्जित शेती त्यांनी गोडाऊनवाल्यांना दिली आणि तेव्हापासून ते सगळ्या जगाला सल्ला देतात. माझी योजना ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे दोन डिस्क घेणार आणि जागा एकीचीच मिळणार?"

"हो. दुसरीवर तेच राहणार."

"अरे केसरी, तू शिकलेला माणूस. दोन गोडाऊन बांधायची आणि दोन्हीत तोच माल भरायचा? कोण करतो असं? दुसरी भाड्याने तरी दे." डिस्क भाड्याने देता येत नाही हे त्यांना पटवण्यात माझी एक संध्याकाळ गेली. जाताना म्हणाले, "बघ बाबा, तुझी जागा." ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते, आणि पुढे भेटेल त्याला त्यांनी तसंच सांगितलं, की तरेच्या घरात आजारपण आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

डिस्क मी मुंबईहून आणल्या. परत येताना शेअर जीप जकात नाक्यावर थांबली. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी पतपेढीतला माणूस, कायदा म्हणजे कायदा, म्हणून मी आपणहून उतरलो आणि खिडकीवर जाऊन दोन्ही खोकी दाखवली. खिडकीतल्या कारकुनाने ती उलटीपालटी करून बघितली, शेवटी एक उघडली आणि त्या लोखंडी ठोकळ्याकडे बघून ठरवून टाकलं, "लूमचा पार्ट."

म्हटलं, "नाही हो, कॉम्प्युटरचा."

"कॉम्प्युटरचा रकाना नाय आपल्याकडे. भिवंडीत असलं लोखंड लूमलाच लागतं." मग त्याने लूम कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. माझ्या नावावर लूम नाही म्हटल्यावर त्याला संशय आला, की लूम नसलेला माणूस लूमचे पार्ट कशाला आणतो. जीप निघून गेली. मागून एक भला लूममालक आला, त्याने आपल्या कारखान्याचं नाव दिलं, त्या नावाने पावती फाटली आणि मी सुटलो. आयचे धवले राखायला आणलेल्या डिस्क कागदोपत्री कुठल्यातरी मागावर कापड विणत आहेत, आणि ह्या अपमानाची दाद मागायला मला आजतागायत जागा मिळालेली नाही.

घरी आलो, माइक लावला, आयला पाटावर बसवलं आणि म्हटलं, "म्हण."

आय म्हणाली, "लगीन कोनाचा हाय?"

"कुणाचं नाही. नुसतं म्हण."

"लगीन न्हाय तं धवला न्हाय." आणि ती उठलीच.

मी हजार प्रकारे सांगून पाहिलं. आवाज जाणार आहे, दिवस थोडे आहेत, देव समजून घेईल. ती ऐकेना. धवला म्हणजे देवांना लग्नाला बोलावणं, ते बोलावून घ्यायचे आणि मांडवात कुणीच नाही, तर ते माघारी कसे जायचे, असा तिचा रोकडा सवाल. दिवस चातुर्मासाचे, कुणाचं लग्न नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायला डॉक्टर तयार नव्हता. बाळारामशेठनी बाहुला-बाहुलीचं लग्न सुचवलं, तर आय म्हणाली, "भावलीला संसार असते का?" शेठ चहा न घेताच वर गेले.

दोन्ही डिस्क टेबलावर पडल्या होत्या. आयने विचारलं, "ह्या काय?"

मी तोंड वाकडं करूनच सांगितलं. म्हटलं, हे दोघं आता जन्मभर बरोबर राहणार. ह्याच्याकडे जे येईल ते त्याच्याकडे. ह्याला काही झालं तर तो सांभाळणार, त्याला झालं तर हा.

आयने दोघांना हातात घेतलं, वजन करून बघितलं. "एका पेटीन ठेवनार?"

"हो."

"बिगर लग्नाचे?"

कमळ स्वयंपाकघरात गेली, मला वाटतं हसायला. थोड्या वेळाने बघितलं तर ती ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती.

तर असं ते लग्न ठरलं. शुक्रवार धरला, कारण शुक्रवारी लूम बंद असतात, नाहीतर आमच्या गल्लीत खटखटीशिवाय दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. दोन्ही डिस्क अगदी सारख्या, तेव्हा नवरा कोण हा प्रश्न आला. ज्याचा नंबर आधीचा तो मोठा, म्हणून तो नवरा, असं बाळारामशेठनी ठरवलं आणि स्वतः नवरीचे मामा झाले. आदल्या दिवशी सल्ला देऊन थकलेला हा माणूस जरीची टोपी घालून खाली आला. सोसायटीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. आधी तोंडाला पदर लावून हसत होत्या. आयने तोंड उघडलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

आवाज फाटलेला होता. वरच्या पट्टीत गेला की गाठीवर अडकायचा आणि तिथून कसाबसा बाहेर पडायचा. पण ती थांबली नाही. तिने गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, मिठागराच्या देवाला बोलावलं, आपल्या मेलेल्या सासूला बोलावलं. मी लहानपणापासून हे ऐकत आलो, पण कधी चपला शोधताना, कधी पंगतीत वाढताना. खुर्चीत बसून, कानाला हेडफोन लावून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत राहिलो.

आणि मग हळद आली.

हार्ड डिस्कला वरून झाकण असतं, त्यावर हळद लावली तर काही बिघडत नाही. पण तिच्या पोटाखाली सर्किटची एक हिरवी पट्टी असते आणि त्या पट्टीवर तिचा जीव असतो. कमळने वाटी पुढे केली, तेलात कालवलेली ओली हळद. आयने धवला म्हणत म्हणत नवऱ्याच्या डोक्याला लावली, खांद्याला लावली, आणि मग त्याला उताणा केला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. तोंड उघडलं. आणि लक्षात आलं, की माइक चालू आहे. मी आता 'आय, तिथे नको' म्हणून ओरडलो, तर ते धवल्यात कायमचं जाऊन बसेल आणि पुढच्या पिढ्यांच्या प्रत्येक लग्नात, ऐन हळदीत, केसरीनाथ तरे ओरडेल. मधे थांबवावं, तर अर्धा धवला मोडणं म्हणजे अपशकून, आणि तो आवाज पुन्हा लागेल की नाही ह्याचाही भरवसा नाही. मी हातवारे केले. बायकांना वाटलं मी ताल धरतोय, त्यांनीही धरला. आयने डोळे मिटून नवऱ्याच्या सर्वांगाला हळद लावली, पोटाखालच्या पट्टीच्या सांदीसांदीत बोट घालून लावली, मग उष्टी हळद तशीच नवरीला.

मी उभा राहून बघत होतो.

मग मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता, सगळं यथासांग झालं. संध्याकाळी आयचा आवाज पार बसला. तरी ती खुशीत होती. मी फडका घेऊन हळद पुसायला लागलो, तशी तिने माझा हात धरला. "हळद आपलीआप सुकंल. पुसू नुको. त्यांचा संसार हाय."

दुसऱ्या दिवशी वधूवरांना आणि कॉम्प्युटरची पेटी घेऊन मी अन्सारीभाईंच्या दुकानात गेलो. वंजारपट्टी नाक्याकडच्या एका गल्लीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान, पुढे कॉम्प्युटर आणि मागे यार्नचे, म्हणजे सुताचे, बोरे. अन्सारीभाईंनी डिस्क उलटी केली, चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, "तरेसाहब, ये पीला पीला क्या है?"

"हल्दी."

"हार्ड डिस्क को?"

"शादी थी."

भाई डिस्क हळूच खाली ठेवत म्हणाले, "मुबारक हो." सभ्य माणूस. पुढे म्हणाले, गॅरंटीच्या स्टिकरवर कुंकू आहे, कंपनी आता परत घेणार नाही, निदान ब्रशने साफ तरी करू द्या. मी आयचा निरोप सांगितला. "माँ ने मना किया है तो रहने दो," ते म्हणाले आणि तशाच डिस्क पेटीत बसवल्या.

दोघांना जोडून देताना कॉम्प्युटरने फ्लॉपी मागितली. तोपर्यंत फ्लॉपी जगातून गेली होती. अन्सारीभाईंकडे नव्हती, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे नव्हती, शाळेत होती ती उंदराने कुरतडलेली. शेवटी पतपेढीच्या कपाटात, जुन्या ऑडिटच्या फायलीत एक सापडली. ती वापरायला मला चेअरमनांची लेखी परवानगी काढावी लागली आणि त्यांनी अर्जावर शेरा मारला, 'कारण स्पष्ट करावे'. मी लिहिलं, 'आईचा आवाज'. चेअरमन आगरीच होते. त्यांनी लगेच सही केली.

जुन्या डिस्कवर रेकॉर्ड झालेले धवले नव्या जोडप्यावर उतरवले. पेटीत तिसऱ्या डिस्कला जागा नव्हती, म्हणून जुनी डिस्क अन्सारीभाईंनी एक्स्चेंजमध्ये घेतली. पुसून, धुऊन ती एका यार्नवाल्याच्या कॉम्प्युटरला लागली. पेटी घरी आणली तेव्हा कमळ पुन्हा म्हणाली, "एक सीडी तरी..." मी तिच्याकडे नुसतं बघितलं. पडद्यावर दोन्ही डिस्कपुढे हिरवी खूण होती.

ऑपरेशनला नेताना आयने स्ट्रेचरवरून मला खुणेने खाली वाकायला सांगितलं. "त्या दोघांना नीट ठेव," ती म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं.

त्यानंतरचे महिने मी इथे फार सांगत बसत नाही. घशावर भोक, भोकावर पांढरी जाळी. हाक मारायची तर टाळी वाजवायची. आधी टाळी ऐकली की मी धावत जायचो, मग धावणं कमी झालं, जायचो पण चालत. शेजारणी यायच्या आणि तिच्याशी मोठ्याने बोलायच्या, जसं काही ती बहिरी झाली आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एकदा मी म्हटलं, "आय, तुझे धवले लावू?" तिने नाही म्हणून मान हलवली. बोटाने कपाळावर मुंडावळ्यांसारखी रेघ ओढली आणि हात झटकला. लग्न नाही, तर नाही. त्यामुळे ते आम्ही कुणी, कधी, लावून पाहिलेच नाहीत. मी रोज फक्त हिरवी खूण बघायचो आणि झोपायचो.

माघात अंजूरहून नवशा आला. माझा चुलतभाऊ. त्याच्या मुलीचं, करिष्माचं लग्न ठरलं होतं. पाणी पिऊन झाल्यावर तो आयच्या खाटेजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "काकी, पोरीच्या लग्नान तुजाच धवला पायजे. केसरीदादाचे मशीनान हाय नं? मशीन घेऊन ये."

आय उठून बसली. कित्येक दिवसांत आधाराशिवाय उठली नव्हती. तिने ट्रंकेकडे बोट दाखवलं. कमळने ट्रंक उघडली तर आयने तिला बाजूला सारून स्वतः नऊवारी काढली आणि खाटेवर उलगडून, कुठे कसर लागली आहे का, ते बघत बसली. संध्याकाळी कमळ म्हणाली, "त्या जेवल्या. मागून घेतलं."

लग्नाच्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. मॉनिटर कमळच्या मांडीवर, स्पीकर माझ्या, आणि पेटी आयने कुणाला दिली नाही, स्वतःच्या मांडीवर घेतली. अंजूरचा रस्ता गोडाऊनच्या ट्रेलरांनी उखडून टाकलेला. प्रत्येक खड्ड्याला मी म्हणायचो, "सावकाश हो," आणि रिक्षावाला म्हणायचा, "सावकाशच हाय साहेब, रस्ताच न्हाय." आय पेटीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

मांडवात मी टेबल मागून घेतलं, वायरी जोडल्या. गावात लाइट नव्हती, म्हणून मांडववाल्याचा जनरेटर. भावकी गोळा झाली. बाळारामशेठही आले होते. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे आहे असं बघून मी दोन शब्द बोललो, नाही असं नाही. म्हटलं, ह्या पेटीत एक नाही, दोन डिस्क आहेत, बँकेत असते तशी व्यवस्था आहे, एक बंद पडली तरी आयचा आवाज बंद पडणार नाही. नवशाने टाळ्या वाजवल्या. मी बटण दाबलं.

आयचा आवाज आला.

तो फाटका, गाठीवर अडकणारा आवाज सगळ्या मांडवात भरला. म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. आय टेबलाशेजारी उभी होती. तिचा हात गळ्याच्या जाळीवर गेला आणि तिथेच राहिला. नवरा-नवरीला पाटावर आणलं. गावदेवीला बोलावून झालं, खाडीला बोलावून झालं, आणि पेटीत टक् टक् असा आवाज सुरू झाला. धवला थांबला. पडद्यावर एका डिस्कपुढे लाल फुली आली.

मी हात वर केला. "काही काळजी करू नका," मी म्हणालो. "ह्याच्यासाठीच तर दुसरी आहे." माझा आवाज अगदी स्थिर होता. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी थोडा आनंदच झाला, की इतक्या दिवसांची माझी अक्कल आता सगळ्यांना दिसेल. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. धवला पुन्हा पहिल्यापासून. गावदेवी आली. खाडी यायची होती, तेवढ्यात दुसरीतही टक् टक्.

दोघांना एकाच वाटीतली हळद लागली होती. त्याच खड्ड्यांतून दोघं आले होते, एकाच जनरेटरवर बसले होते. मी त्यांना असं बांधून दिलं होतं, की जे एकाचं ते दुसऱ्याचं.

मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, वरून एक ठोका. एकजण म्हणाला, डिस्क बर्फात ठेवली तर चालते, त्याच्या मेहुण्याची चालली होती, आणि सरबताच्या पिंपातून बर्फ आणायला माणूस धावला. बाळारामशेठ म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो, दोन्ही गोडाऊनला आग लागते रे." मी पेटी उघडली. हिरव्या पट्टीवर हळद सुकून काळी पडली होती आणि खाली तांब्याला हिरवट बुरा चढला होता. मी नखाने खरवडली, शर्टाच्या बाहीने पुसली. पुन्हा चालू केला. पडदा काळा. पुन्हा केला. कमळ माझ्या मागे येऊन उभी राहिली. ती सीडीचं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भटजी घड्याळ बघायला लागला. डीजेवाला हळूच म्हणाला, "काकींचं राहू दे, मी लावतो एखादं." नवशाने माझ्याकडे बघितलं, आयकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला कुठे तोंड लपवावं कळेना. माझी काय शोभा व्हायची ती झाली होती, त्याचं आता काही वाटत नव्हतं. आयचं सगळं आयुष्य मी त्या पेटीत घातलं होतं आणि ती पेटी मेली होती. ह्यापुढे ते कुठेच नव्हतं.

आयने टाळी वाजवली.

सगळे वळले. ती टेबलापासून निघाली आणि पाटासमोर जाऊन उभी राहिली. पदर खोचला. डोळे मिटले. आणि तोंड उघडून म्हणायला लागली.

आवाज नव्हता. नुसते ओठ हलत होते आणि गळ्याच्या भोकातून वारा येत होता, फस् फस्, जाळी आत जायची, बाहेर यायची. वरच्या पट्टीची जागा आली की तिची मान ताणली जायची, शिरा तट्ट फुगायच्या, आणि त्यातून तेवढाच वारा. बर्फ आणायला गेलेला माणूस घमेलं घेऊन तसाच उभा राहिला. कुणीतरी जाऊन जनरेटर बंद केला. आता तो वारा मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. करिष्मा रडायला लागली, तिच्या आईने तिला हाताने दाबून धरलं. भटजीने घड्याळावर बाही ओढली. तिने एकही देव गाळला नसावा, कारण ती फार वेळ म्हणत होती. मुहूर्त टळून गेला.

मी तिच्या ओठांकडे एकटक बघत होतो. निदान एक ओळ, निदान एक शब्द उचलता आला तर. मला काही ओळखू आलं नाही.

ती थांबली तेव्हा पडल्या अक्षता. नवशाच्या बायकोने आयची ओटी भरली, धवलारणीचं लुगडं तिच्या हातात दिलं आणि पायावर डोकं ठेवलं. मांडव हलायला लागला, वाढपी पंगतीकडे धावले. मी उघड्या पेटीजवळ बसून हुंदके देऊन रडत होतो, मोठ्या माणसाने चारचौघांत रडू नये तसा.

आय माझ्याजवळ आली. घामाने भिजली होती. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि ओठ हलवले. एवढं मात्र मला वाचता आलं.

"डोले पूस," ती म्हणाली. "लगीन हाय."